डावा कोपरा

“हिला डावीकडचं दिसत नाही,” बाबा म्हणाले. मुलगी शेजारच्याच खुर्चीत बसली होती, पण तिच्या वतीने बोलायची त्यांना सवय होती. ते तिचे वडील होते आणि प्रशिक्षकही. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नि घरात दोन्हीकडे त्यांचाच आवाज चाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खिडकीकडे बघत होती.

“गेला महिनाभर सरावात डाव्या कोपऱ्यातलं शटल सोडतेय. मला वाटलं, आळस. ओरडलो. पण परवा निवडीच्या सामन्यात तेच. जिंकत आलेली, आणि शेवटचे सगळे गुण त्याच कोपऱ्यात घालवले. समितीची माणसं समोर बसलेली. आता एकच सामना उरलाय. डोळ्यांत काही असेल तर आजच सांगा.”

“तुमचे डोळे कधी तपासलेत?” बाईंनी सहज विचारलं.

“मला कुठे सामने खेळायचेत.”

हेच उत्तर घरात आईला वर्षभर मिळत होतं. बाबांच्या जाकिटाच्या डाव्या खांद्यावर नेहमी भिंतीचा चुना लागलेला असे. आई तो झटकायची आणि म्हणायची, “घराची भिंत वीस वर्षं आहे तिथेच आहे, हो.” बाबा म्हणायचे, “मग मी काय तिला बोलावलं होतं?” सगळे हसायचे आणि विषय तिथेच मिटायचा. हल्ली मुलगी रस्त्यावर त्यांच्या डाव्या बाजूने अगदी चिकटून चालायची. निवड जवळ आली की पोरी घाबरतात, असं बाबा समजत.

बाईंनी तक्ता दाखवला. मुलीने शेवटची ओळ वाचली आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

“समोरचं मी म्हणतच नाही,” बाबा म्हणाले. “बाजूचं बघा.”

बाजूचं बघायचं यंत्र आतल्या अंधाऱ्या खोलीत होतं. त्या काळी ते थोड्याच दवाखान्यांत असायचं. मोठं पांढरं भांडं आडवं ठेवावं तसं ते दिसे. त्यात तोंड घालून बसायचं, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेही उजेडाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाईंनी हे सगळं समजावलं आणि मुलीला स्टूल दाखवलं.

मुलगी बसली नाही.

“आधी तुम्ही करून दाखवा ना, बाबा.”

बाबा हसले. हा त्यांचाच नियम होता. स्वतः केल्याशिवाय त्यांनी तिला कधी कुठला व्यायाम दिला नव्हता. गुडघे कुरकुरायला लागले तरी दोरीच्या उड्या आधी ते मारत, मग ती. हॉलमधली बाकीची मुलं त्यांना पाठीमागे ‘आधी मी’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“बघ हं, मान हलवायची नाही,” म्हणत ते स्टुलावर बसले. “आणि बाई, यंत्र जरा वेगात ठेवा. आम्ही याहून पळती पाखरं पकडलीयेत.”

उजवा डोळा झाकला गेला. बटण वाजू लागलं. थोडा वेळ वाजलं आणि थांबलं. पुन्हा एकदा वाजलं. मग बराच वेळ खोलीत यंत्राची बारीक घरघर तेवढी राहिली.

“अडकलं वाटतं,” बाबा आतून म्हणाले.

“नाही. चालू आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर ठिपके एकामागून एक चमकत होते.

त्यांनी दुसराही डोळा तपासला. मग दिवा लावला, दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला आणि कागद बाबांपुढे ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात मधे थोडी पांढरी जागा उरली होती, बाकी काळं. उजव्याची फक्त कड काळवंडली होती.

“काचबिंदू आहे. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. माणूस मान वळवून भागवत राहतो. गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते औषधाने टिकवता येईल, पण थेंब आजपासून सुरू करायचे. अजून वर्ष गेलं असतं, तर उजवाही असाच झाला असता.”

बाबांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला वेगळं काही लिहिलं असेल. मग तो सरळ केला.

“माझं राहू दे,” ते म्हणाले. “हिचं बघा.”

मुलगी स्टुलावर बसली. तिचं बटण एका लयीत वाजत राहिलं, दोरीच्या उड्यांसारखं. दुसरा कागद आला, दोन्ही चित्रं स्वच्छ. डावीकडेसुद्धा एक ठिपका चुकला नव्हता.

बाबा दोन कागद दोन हातांत धरून उभे राहिले. बाई थेंबांचं नाव लिहीत होत्या.

“मग तो कोपरा?” बाबांनी मुलीला विचारलं. आवाज हॉलमधला नव्हता. “तो सामना?”

मुलगी उठून त्यांच्या डाव्या बाजूला आली. जाकिटाच्या खांद्यावरचा चुना तिने हाताने झटकला.

“सराव चुकला की तुम्ही नुसते ओरडता, बाबा,” ती म्हणाली. “डॉक्टरांकडे यायला सामनाच हरावा लागला.”