बेल्जियमच्या फरशीवर

बेल्जियमची सहल पोरानं आम्हा बुढाबुढीसाठी ठरवली होती, पण निघायच्या आधीच म्हातारा गेला. तेव्हापासून पोरगा बापाचं नावच काढत नव्हता. त्याच्यासंगं मी, त्याची याडी, एकटीच आली. बियरच्या कारखान्यात गोऱ्या गाईडनं यवतमाळच्या ग्रूपसमोर ग्लास ठेवले. मी बोट बुडवून थेंब खाली शिंपडले. वारलेल्याले देल्याबिगर आमच्या तांड्यात कोणी घोट घेत नाही. “याडी, फरशी खराब होते. लोक पाहून राह्यले!” पोरगा पुटपुटला. “पाहू दे. तुह्या बाच्या आधी मी पिऊ काय?” गाईडले वाटलं, बियरमध्ये काही पडलं. तो दुसरा ग्लास घेऊन धावला. पोराले सांगणं भाग होतं. “फॉर माय फादर,” एवढं बोलून तो रडला. मग त्यानंही बोट बुडवून शिंपडलं. मी त्याचे डोळे पदरानं पुसले. “एवढ्यानं तुह्या बाचं भागत होतं काय? ओत अजून!”