डावा पाय

सासूबाईंच्या, मथुराबाईंच्या अंगावरची चादर सरकली आणि कल्पिता पटकन खाली वाकली. सुजलेल्या डाव्या पोटरीवर अंगठ्याचा खोल ठसा होता. कोणीतरी आत्ताच दाबून हात काढला होता. पण हॉस्पिटलच्या खोलीत त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"आई, पाय दाबलात ना? डॉक्टर काय बोलले विसरलात?"

गुडघ्यामागे शिरेला फुगा आला होता आणि त्यात रक्ताची गाठ धरली होती. तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तेव्हा मथुराबाई माहुलच्या बाजारात मासळीच्या पाटीवरच कोसळल्या होत्या. आणखी एक तुकडा सुटला तर खेळ खलास. थोड्या वेळात ऑपरेशन होतं. फुगा कापून शीर शिवायची होती. तोवर पायाला कोणी हात लावायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. असा फुगा कधी कधी दोन्ही पायांत असतो, उजवा नंतर तपासू, असंही म्हणाले होते.

"मी कशाला दाबू?" मथुराबाई डोळे मिटूनच हसल्या. "तुजा सासरा हाय. दाबूंदे गो. बरा वाटतंय."

सासरे, रामनाथ, जाऊन वर्ष झालं होतं. दिवसभर पाय मुडपून मासळी विकून आलेल्या बायकोचे पाय ते रोज खोबरेल लावून चेपायचे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या, हसोत बापड्या. माणूस भलता ऐकणारा. सांगाल तेवढंच करणार.

कल्पिताच्या डोळ्यांदेखत दुसरा ठसा उमटला. मग तिसरा, गुडघ्याच्या जवळ. खोबरेलाचा वास आला.

सासऱ्यांशी ती जन्मात कधी मान वर करून बोलली नव्हती. आज तिने डोक्यावरून ओढणी घेतली आणि रिकाम्या स्टुलापुढे हात जोडले.

"मामा, पाया पडते तुमच्या. आईंचा डावा पाय दाबू नका. जीव जाईल त्यांचा."

चौथा ठसा उमटला नाही. होते तेही हळूहळू भरून आले.

ऑपरेशन झकास झालं. गाठ गेली, फुगा गेला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कल्पिता त्यांच्यासमोरच ढसाढसा रडली.

संध्याकाळी मथुराबाईंना खोलीत आणलं. डावा पाय मांडीपर्यंत पट्टीत होता.

"बरा वाटतंय," त्या गुंगीतच पुटपुटल्या.

चादर सारखी करायला वाकलेल्या कल्पिताला खोबरेलाचा वास आला. उजव्या पोटरीवर ठसे उमटत होते, एकेक करत गुडघ्याकडे.

तिने सांगितलं होतं ते फक्त डाव्याचं.