दोघांच्या राजीखुशीने

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. उपासना आटोपून मंडळी पांगली होती आणि बारामतीच्या त्या लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत, चिटणीस मोहनराव धरून, सहा पंच बसले होते. मोहनरावांचा पारा चढलेला होता.

मागच्या रविवारी पाळकांनी पंचांना एक तक्रार वाचून दाखवली होती, नाव झाकून. मंडळीतल्या एका स्त्रीने लिहिले होते: उपास-प्रार्थनेच्या नावाखाली माझ्या नवऱ्याने अंथरूण वेगळे केले आहे. प्रार्थनेसाठी नवरा-बायकोने दूर राहावे, पण दोघांच्या राजीखुशीने आणि थोडेच दिवस, अशी प्रेषिताची शिकवण आहे. मला कोणी विचारले नाही. मलाही देह आहे, आणि तो देवानेच दिला आहे. पंचांनी निवाडा करावा.

नाव झाकले म्हणून काय झाले? मोहनराव इंदापुरात दर शुक्रवारी पुरुषांचा प्रार्थना गट चालवत. त्यातला रविराज चौदा महिने व्रतस्थ होता, तोही त्यांच्याच सल्ल्याने. तेव्हा हा उद्योग त्याच्या बायकोचा, मोनाचा. दुसरे कोण असे लिहायला धजणार?

तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षे शिकवले होते. कामाचा तपशील लिहिलेल्या जॉबकार्डावर सही झाल्याशिवाय त्यांनी कोणाला लेथ यंत्र सुरू करू दिले नव्हते. गटातही तोच शिरस्ता. व्रत घेणाऱ्या प्रत्येकाने बायकोची लेखी संमती आणून द्यायची. मोनाची सही त्यांच्या फायलीत होती.

मंगळवारी ते मोनाच्या दारात जाऊन उभे राहिले. चारचौघांत वाचले जाईल असे लिहिताना लाज कशी वाटली नाही, इथपासून त्यांनी सुरुवात केली. देहाची हाव पुरवायला लागलो तर आत्म्याला जागा उरत नाही, हे बजावले. आपण छत्तिसाव्या वर्षी व्रत घेतले आणि आजतागायत मोडले नाही, हेही ऐकवले.

मोना भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"लिहिलं आसंल कुणी, काका. त्यात खोटं काय हाय?"

"तुझी सही आहे माझ्याकडे."

"सही घेतली. मन कुणी इचारलं?"

मोहनरावांना एवढी कबुली पुरेशी होती. घरी येऊन त्यांनी रागाच्या भरातच ठराव लिहून काढला: तक्रार खोटी ठरल्यास तक्रारदार स्त्रीला एक वर्ष प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस बंद.

आज तो वाचून झाल्यावर सर्वांत वयस्क पंच आप्पा मिस्कीलपणे म्हणाले, "कानस एकाच बाजूनं घासता व्हय, मोहनराव? तक्रार खरी निघाली तर?"

बाकीचे हसले. मोहनराव हसले नाहीत. त्यांनी पेन काढले आणि तिथल्या तिथे पुढची ओळ घातली: तक्रार खरी ठरल्यास नवऱ्याला एक वर्ष प्रभुभोजन बंद आणि मंडळीतील सर्व पदांवरून दूर. फाईल हाताशी असताना त्यांना कसली भीती?

पाळकांनी तक्रारदार बहिणीला आत पाठवायला सांगितले. बाहेरच्या बाकावर मोहनरावांच्या निरोपावरून आलेली मोना बसली होती आणि शेजारी मोहनरावांची पत्नी छबूबाई. पंचांच्या सभेला छबूबाई कधी थांबत नसत. आज मात्र, तुम्ही जेवायला पुढे व्हा, म्या थांबते, असे त्यांनी इतर बायकांना सांगितले होते. पोरीची दया आली असेल, असे मोहनरावांनी धरले होते. त्याचाही त्यांना रागच आला होता.

त्यांनी फायलीतला कागद काढून टेबलावर आपटला. "ही संमती. तारीख आहे, सही आहे. आता तिने पंचांची माफी मागावी."

पाळकांनी कागद दोनदा वाचला.

"सही खरी आहे," ते म्हणाले. "पण तक्रार मोनाची नाही."

दार लोटून छबूबाई आत आल्या. पुढे केलेल्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"अवो, गावातल्या समद्या बायकांच्या सह्या लावल्या ना फायलीत? आता माजी सही दावा. एकतीस वर्सं झाली. कागद ऱ्हाऊ द्या, येका शब्दानं तरी इचारलं व्हतं का मला?"

मोहनरावांचा हात फायलीवर गेला आणि तिथेच राहिला.

पाळकांनी तक्रार खरी असल्याचे जाहीर करून ठराव मताला टाकला. हात मोजण्याचे काम चिटणिसांचे. मोहनरावांनी चष्मा पुसला, हात मोजले आणि वहीत नोंद केली.

ठरावाच्या बाजूने: सहा.