आठवणीचा मेसेज

"काही चुकलं का माझं?" वाचनालयाच्या काउंटरवर पिशवी ठेवत आजींनी मला विचारलं. "हल्ली तुमचा मेसेज येत नाही."

"नवी ऑनलाइन सोय सुरू केलीय, आजी. पुस्तकाची मुदत आता आपोआप वाढते. आठवण करून द्यायची गरजच उरली नाही."

"माझ्यापुरती ती सोय बंद करता येईल?"

बघतो म्हणालो आणि त्यांचा फोन हातात घेतला. 'पुस्तक परत करण्याची मुदत उद्या संपत आहे.' आमच्या कॉम्प्युटरने आपला आपण पाठवलेले तेच ते मेसेज. प्रत्येकाखाली आजींचं उत्तर होतं. त्या नंबरवरची उत्तरं कुणापर्यंतच पोचत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

'गुडघा दुखतोय, पण येते.'

'पुस्तक मोठ्याने वाचते. तेवढाच घरात आवाज.'

'आज तुमच्या खुर्चीत दुसरंच कुणी होतं. तापाने पडलात म्हणे. औषध द्यायला आहे ना कुणी जवळ?'

कुणी नव्हतं. त्या तापात आपली साधी विचारपूसही कुणी केली नाही, असंच मी आजवर धरून चाललो होतो.