न उठणारं पेन

"फी माफ झाली म्हणून काय अक्कल आली?" भट्टीतला ट्रे ओढत पाववाल्याने विचारलं. बोलण्यात राग नव्हता. असलीच तर कीव होती, आणि तीही बापाची.

लेक फॉर्म हातात घेऊन गल्ल्यापाशी उभी होती. पालकांच्या सहीची तेवढी जागा रिकामी होती.

शेजारच्या दुकानातला शिंपी रोजच्यासारखा बाकावर बसून फुकटचं वर्तमानपत्र वाचत होता. ती बातमी त्याने सकाळपासून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली. सरकारी कॉलेजात यंदापासून फी नाही, कुणालाच नाही. फक्त प्रवेश परीक्षा द्यायची. फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस.

"कर की सही," शिंपी म्हणाला. "तुझ्या खिशाला काय तोशीस?"

"खिशाचं नाही हो. पोरगी तोंडावर पडेल, त्याचं."

घरात सगळं केव्हाच ठरून गेलं होतं. शिकवणं झेपेल ते एकालाच. दादा हुशार, तो कॉलेजात गेला. धाकटी जेमतेम, ती भट्टी सांभाळणार. यावरून कधी भांडण झालं नाही, कारण निवड मार्कांनीच करून टाकली होती. पाववाल्याला त्याचं केवढं बरं वाटायचं! दोन्ही पोरं हुशार निघाली असती तर काय केलं असतं, या नुसत्या विचाराने त्याला घाम फुटायचा.

"हिच्या कंपासपेटीत एक न उठणारं पेन आहे," तो शिंप्याला म्हणाला. "चार वर्षं झाली. फेक म्हटलं तर फेकत नाही. असलं पेन जपणाऱ्या पोरीला कॉलेजात कोण घेणार, सांगा."

शिंपी हसला. लेकही थोडी हसली, पण फॉर्म काही तिने मागे घेतला नाही.

तेवढ्यात शाळेतल्या गणिताच्या बाई पाव घ्यायला आल्या. "या बाई, बरं झालं आलात. तुम्हीच समजवा हिला," असं म्हणत पाववाल्याने पाव बांधायला रद्दीच्या गठ्ठ्याला हात घातला.

"आधी हात पुसा," बाई म्हणाल्या.

हात खरंच काजळीने माखले होते. त्याने ते गठ्ठ्यातल्या वरच्या कागदालाच पुसले. लेकीचा जुना गणिताचा पेपर होता तो. शेवटच्या प्रश्नाखाली पान कोरं होतं, तिथे बाईंनी लाल शाईने शून्य दिलं होतं आणि विचारलं होतं, 'का सोडला?'

कागद चुरगळायला गेलेला त्याचा हात थांबला. काळ्या डागात काहीतरी पांढरं दिसत होतं. त्याने पुन्हा तळवा फिरवला. फळ्यावर खडूने लिहावं तसे आकडे उमटत गेले, ओळीखाली ओळ, पान संपेपर्यंत.

"बाई, हे काय निघतंय बघा."

बाईंनी चष्मा चढवला. त्यांचे ओठ हलत राहिले. शेवटच्या ओळीवर आल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि मग सावकाश, "अख्खं बरोबर आहे."

खडूची धूळही अंगावर पडू न देणाऱ्या बाई. त्यांनी सरळ ट्रेवर हात घासला आणि गठ्ठ्यातला दुसरा पेपर स्वतः काढला. त्यातही शेवटचं पान कोरं होतं आणि त्यातूनही आकडे वर आले. तिसऱ्या पेपरात तेच गणित दोन रीतींनी सोडवलेलं होतं.

"यातली ही दुसरी रीत मी शिकवलेली नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

पाववाल्याने कोऱ्या पानावरून बोट फिरवलं; दाबून लिहिल्याच्या खाचा बोटाला लागल्या.

"त्या पेनाने?" बापाने विचारलं.

लेकीने मान डोलावली. "सोडवल्याशिवाय राहवायचंच नाही."

"मग शाईने लिहायचं की गं!"

"लिहिलं असतं तर तुम्हाला निवडायला लागलं असतं, बाबा."

पाववाला मैद्याच्या पोत्यावर बसला. चार वर्षं ही पोर त्याच्या शेजारी पीठ मळत होती, आणि आपल्या घरात कोण राहतंय हे त्याला आत्ता कळत होतं. तिच्याकडे बघायची त्याला चक्क भीती वाटली. आधीच्या वर्षांचे पेपर आठवले. ते एकेक करून पावांबरोबर गेले होते. लोकांनी पाव खाल्ले आणि कागद फेकून दिले.

"सहा वाजता फॉर्मची खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या.

तो धडपडत उठला आणि सही केली. हात धुवायचं भानच नव्हतं. सहीशेजारी काळा अंगठाही उठला.

"ते पेन इथे ठेव," तो म्हणाला, "आणि पळ."

ती पळाली. तिघंही दारात येऊन, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. मग शिंप्याला आपलं उघडं दुकान आठवलं.

"अरे, माझे रोजचे पाव बांध."

पाववाल्याने कागदांचा गठ्ठा उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"आज तसेच न्या," तो म्हणाला. "रद्दी संपली."