दांडीवर चालणारे उंदीर

दहावा उंदीरही पडला नाही.

सुरभीने स्टॉपवॉच बंद केलं. बोटाएवढी जाड लाकडी दांडी त्याने न डगमगता पार केली होती. दोन महिन्यांपूर्वी याच पिंजऱ्यातले नऊ उंदीर अर्ध्या वाटेतच खालच्या गादीवर पडले होते.

हे दहाही परदेशातून आणलेले. शरीरात कॅल्शियम धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बनवणारं जनुकच यांच्यातून काढून टाकलेलं. त्या प्रथिनावाचून चालताना तोल जातो का, हे शोधायला रोह्याच्या प्रयोगशाळेने सुरभीला दोन वर्षं दिली होती. अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर ही शेवटची मुदत. दोन महिने उरले होते.

"गिरजाबाई, पिंजरे धुताना उंदरांची अदलाबदल झाली?"

पेणहून रोज कामाला येणारी गिरजाबाई भुशाची बादली धरून तशीच थबकली. "नाय, म्याडम. हे तेच हायेत. मी वलखते ना."

"कोणी हात लावला यांना?"

गिरजाबाईने मान खाली घातली. "माझ्याबिगर कोन लावनार?"

सुरभीला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईला कामावरून काढलं. ती पिंजऱ्यापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

उंदरांच्या शेपटीचे नमुने मुंबईला तपासायला गेले. अठरा दिवस सुरभी रोज टपालाची वाट पाहत होती. मग अहवाल आला. दहाही उंदरांत ते जनुक नव्हतं. उंदीर बदललेच नव्हते.

तिला आनंद झाला आणि लाजही वाटली. पण आता सगळं स्पष्ट होतं. लहानपणी हे उंदीर पडतात. वय वाढलं की शरीर आपोआप ती उणीव भरून काढतं. केवढा मोठा शोध! आठवडाभर खपून तिने शोधपत्रिकेसाठी लेख लिहिला, पेणच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला आणि तशीच तिथल्या रामवाडीला गिरजाबाईच्या घरी गेली.

गिरजाबाई ओट्यावर वाल सोलत होती. तिने पाट पुढे सरकवला.

"माझी चूक झाली, गिरजाबाई. उंदीर तेच होते. तुम्ही सोमवारपासून परत या."

"येईन की." तिची बोटं सोलत राहिली. "बरे हायेत ना सगले?"

"छान आहेत. त्यांच्यामुळे माझं नाव होणार बघा. आत्ताच लेख पाठवून आले."

गिरजाबाई पहिल्यांदा मोकळं हसली. मग काहीतरी आठवून तिचा हात थांबला.

"पन म्याडम, मी रोज तुमच्या जेवनाच्या सुट्टीत त्यांना दांडीवर चालायला शिकवायची, ते आता कोन शिकवतं?"