चुंबक अडवणारा डबा

जुन्या रेडिओंच्या बाजारात विबेला अखेर हवा तसा डबा सापडला. टेपरेकॉर्डरची घरघर थांबवायला चुंबकाला अडवणारा धातूच लागतो, आणि त्याचा नवा पत्रा घ्यायचा म्हणजे खिशाला कात्री. हा डबा मात्र चाळीस युरोत मिळत होता.

"एवढा स्वस्त कसा?" विबेने विचारलं.

"लोक नेतात आणि परत आणून देतात, काका," विकणारी पोरगी म्हणाली. "का, ते सांगत नाहीत. तुम्ही फक्त आपटू नका. आपटला की कामातून गेला."

घरी येताच त्याने डबा पारखला. आत होकायंत्र ठेवलं आणि बाहेरून भलंमोठं चुंबक फिरवलं. काटा ढिम्म हलला नाही. विबे खूश झाला.

तेवढ्यात त्याची बायको सीत्स्के कॉफी घेऊन आली, आणि काटा तिच्याकडे वळला.

"तुझ्या अंगात लोखंड आहे की काय गं?"

"तुझ्याबरोबर तीस वर्षं काढली. असणारच!"

ती बिस्किटं आणायला कपाटाकडे गेली. काटाही तिच्याबरोबर फिरला. विबे हसतहसत वाकला, आणि त्याचं हसू विरलं. काट्याचा रोख सीत्स्केवर नव्हताच. तो तिच्या एक पाऊल मागे, रिकाम्या जागेवर होता.

"थांब!" तो ओरडला. "जागची हलू नकोस!"

सीत्स्के थांबली.

काटा थांबला नाही. तो सावकाश वळत राहिला, आणि विबेच्या रोखाने येऊन स्थिर झाला.